काळी पडणारी काच

बुद्धभूषणला ठाऊक नाही अशी गोष्ट हिंगोलीत नव्हती. निदान त्याच्या दुकानात तरी नव्हती. बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर 'सम्यक दृष्टी' नावाचं त्याचं चष्म्याचं दुकान. नंबर काढायला बसलेल्या गिऱ्हाइकाची हनुवटी मशिनवर टेकलेली असायची आणि डोळा भिंगाला लावलेला, म्हणजे बिचाऱ्याला उठून जायची सोय नाही. तेवढ्यात बुद्धभूषण त्याला सोयाबीनवर कोणतं औषध मारावं, पोराला कोणत्या कॉलेजात घालावं आणि गुडघ्याला काय चोळावं हे सगळं सांगून मोकळा व्हायचा. वाईट माणूस म्हणावं तर तसाही नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, विहारातली रविवारची वंदना कधी चुकली नाही. फक्त 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडलेले कुणी ऐकले नव्हते.

घरात त्याचं शहाणपण आई ऐकून घ्यायची नाही आणि बायको ऐकून सोडून द्यायची. आई जनकाबाईचा निम्मा जन्म शिरड शहापूरला शेळ्या राखण्यात गेलेला. बायको शीतल पोस्टात नोकरीला, तिला वाद घालायला वेळ नव्हता. राहिली मुलगी, दहा वर्षांची ऐश्वर्या. तिचा मात्र बापावर पुरा विश्वास. शाळेत बाईंनी काही शिकवलं तरी ती "पप्पाला विचारून बघते" म्हणायची. एवढ्या एका वाक्यावर बुद्धभूषण फुलून जायचा. जगात त्याला जपायचं होतं ते हेच, पोरीच्या नजरेतलं आपलं मोठेपण. ते जपण्यापायी त्यानं काय केलं, त्याचीच ही हकिगत.

ऐश्वर्याकडे एक इग्वाना होता. हिरवागार, पाठीवर करवतीसारखे काटे, अंगाच्या दुप्पट शेपटी. तिच्या आठव्या वाढदिवसाला मामानं, नांदेडच्या धम्मदीपनं, रीतसर कागदपत्रांसकट आणून दिला होता. हिरवा म्हणून पोरीनं नाव ठेवलं राघू. 'चष्मेवाल्यानं घोरपड पाळली' असा गल्लीत बोभाटा झाला, पण राघू पाला खाणारं गरीब जनावर. ऐश्वर्या शाळेतून आली की दप्तर टाकून आधी परसातल्या शेवग्याकडे जायची. पाला खुडायचा, त्यात भोपळ्याचा कीस, जास्वंदीची दोन फुलं आणि वरून चिमूटभर कॅल्शियमची पूड. खाऊन झालं की राघू तिच्या खांद्यावर चढायचा आणि ती गृहपाठ करायची.

जाळीच्या पिंजऱ्यात वर एक नळीचा दिवा होता. तो बसवताना धम्मदीपनं बजावून सांगितलं होतं, "दाजी, ह्यो साधा दिवा न्हाई. उन्हात हाडं बांधणारे किरण असतेत न्हं, ते यातून निघतेत. ते न्हाई भेटले तर ह्याची हाडं मऊ पडतेत. अन् वर्ष झालं की नळी बदलायची. लागत असली तरी बदलायची."

लागत असली तरी! बुद्धभूषणच्या पोटात तिथंच दुखलं. चांगली पेटणारी नळी उकिरड्यावर टाकायची म्हणजे काय? वर्ष झाल्यावर मेव्हण्यानं आठवणीनं नवी नळी पाठवली, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून, थेट दुकानात. बुद्धभूषणनं खोकं हलवून पाहिलं, फुटलेलं नाही अशी खात्री केली आणि दुकानाच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं. जुनी बंद पडली की लावू. घरी त्यानं याची वाच्यताही केली नाही.

नळीत किरण आहेत की नाहीत हे बघायचं मीटर मिळतं, असंही धम्मदीप म्हणाला होता. बुद्धभूषणनं किंमत विचारली आणि हसला. तेवढ्यात एक दुभती शेळी येते. शिवाय त्याला मीटर कशाला? त्याच्या दुकानात उन्हात काळ्या पडणाऱ्या काचा होत्या. सावलीत पांढऱ्या, उन्हात गेल्या की काळ्या. त्या काळ्या पडतात त्या उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांनी, हे तो गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत आला होता. मग दिव्याखाली काच काळी पडली, की दिव्यात किरण आहेत. हिशेब सरळ होता. घरच्या घरी, फुकटात.

तेव्हापासून दर रविवारी वंदनेहून आलं की तपासणी. बुद्धभूषण खिशातून काच काढायचा आणि नळीखाली चार बोटांवर धरायचा. ऐश्वर्या घड्याळ हातात घेऊन साठ आकडे मोजायची. काच आधी चहासारखी व्हायची, मग काळी. साठ झाले की तो काच पांढऱ्या कागदावर ठेवायचा आणि विचारायचा, "सांग, किरण हायेत का न्हाईत?"

"हायेत!"

मग ती मार्करनं नळीच्या कडेला एक बारीक रेघ ओढायची. रेघ म्हणजे दिवा ठीक. बघता बघता त्या कडेला रेघांची रांग लागली. मैत्रिणींना ती ऐटीत सांगायची, माझे पप्पा न दिसणारे किरण बघतात.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात जनकाबाईला पहिल्यांदा खटकलं. ती पिंजऱ्यापाशी बसून पाला टाकत होती. फांदीवरून उतरताना राघूचे मागचे पाय थरथरत होते.

"भूषण, ह्याला जरा सकाळच्या उन्हात धरत जा," ती म्हणाली. "अंधारात कोंडलेल्या करडाचे पाय असेच वाकतेत. म्या लई बघितलेत."

"आई, ह्ये काय करडू हाय का?"

"हाडं तर हायेत न्हं ह्यालाबी?"

आता आईनं, तेही शेळ्या राखलेल्या आईनं, किरणांच्या बाबतीत बुद्धभूषणला शिकवायचं म्हणजे हद्द झाली. त्यानं तिथल्या तिथं निकाल लावायचं ठरवलं. एकाच काचेचे दोन तुकडे घेतले. एक भर दुपारी गच्चीवर उन्हात ठेवला. गच्ची अशी तापली होती की चप्पल घालूनही पाय भाजत होते. दुसरा कूलर लावलेल्या खोलीत राघूच्या नळीखाली धरला. मिनिटभरानं दोन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले. उन्हातली काच जेमतेम धुरकट झाली होती. नळीखालची काळीकुट्ट.

"बघ आई! दिवा उन्हापेक्षा भारी निघाला. आता ऊन कशाला पायजे?"

ऐश्वर्यानं टाळ्या वाजवल्या. जनकाबाईनं दोन्ही काचा उलट्यासुलट्या करून पाहिल्या. डोळ्यांना दिसतंय ते नाही कसं म्हणायचं? "असंल बाबा," म्हणाली आणि काचा परत दिल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी दुकानात जवळा बाजार गावचा मुंजाजी आला. थंडीत घेतलेला चष्मा त्यानं काउंटरवर आदळलाच.

"काय राव, फसवलं तुमी. ह्या काचा उन्हात काळ्याच होऊन न्हाई राहिल्या!"

"मुंजाजी, कोणच्या महिन्यात घालून राहिले तुमी?" बुद्धभूषण हसून म्हणाला. "काच तापली की रंग धरत न्हाई. उन्हाळ्यात थोडं असंच व्हनार. थंडीत बघा, कशी काळीभोर होती."

हे वाक्य तो दर उन्हाळ्यात पन्नास गिऱ्हाइकांना सांगायचा. दुपारी गच्चीवर त्याची स्वतःची काच याच कारणानं पांढरी राहिली होती, हे या शहाण्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. दुपारचं तोंड आणि संध्याकाळचं तोंड एकच होतं, पण दोघांची गाठ पडली नाही. मुंजाजी समाधानानं चष्मा घालून गेला.

पुढचे दोन महिने राघू खचत गेला. आधी वरच्या फांदीवर चढणं सुटलं, मग खालच्या. दिवसभर पिंजऱ्याच्या तळाला पोट टेकून पडायचा. ऐश्वर्यानं उचललं की त्याची बोटं आपोआप लटपटायची. एके दिवशी ती घाबरून दुकानात पळत आली.

"पप्पा, राघूचा जबडा दबून राहिला. रबरासारखा लागतोय."

घरी येऊन बुद्धभूषणनं जबडा दाबून पाहिला. राघूनं डोळे मिटून घेतले. दिवा तर ठीक होता, परवाच्या रविवारीच रेघ मारली होती. दिवा ठीक, म्हणजे दोष जनावरात.

"माजलाय," त्यानं निदान केलं. "आयतं खाऊन आळशी झालाय. व्यायाम न्हाई, म्हणून अंग ढिलं पडलं. उद्यापासून ह्याची वाटी वरच्या फांदीला टांगायची. भूक लागली की चढंल मुकाट्यानं."

वाटी वर टांगली गेली. पहिल्या दिवशी राघूनं मान उचलून वाटीकडे पाहिलं आणि मान खाली टाकली. दुसऱ्या दिवशीही तसंच. ऐश्वर्या चोरून खाली पाला टाकायला गेली, तर बापानं हात धरला.

"लाड करून जनावर बिघडतं. तुला तो बरा व्हायला पायजे का न्हाई?"

"पायजे."

"मंग?"

ती पिंजऱ्याबाहेर बसून राहिली. जनकाबाईला ते बघवेना, ती स्वयंपाकघरात निघून गेली. सहावा महिना लागलेली शीतल एवढंच म्हणाली, "अहो, डॉक्टरला तरी दाखवा." बुद्धभूषण म्हणाला, हिंगोलीच्या डॉक्टरांना म्हशीपलीकडे काय कळतं.

चौथ्या दिवशी राघू निघाला. भुकेनं निघाला. एक पाय फांदीवर टाकायचा, थांबायचा, थरथरायचा, मग दुसरा. बुद्धभूषणनं सगळ्यांना हाका मारून बोलावलं. "बघा, म्हणलो न्हवतो?" ऐश्वर्या "चल राघू, चल" करत होती. वाटी वीतभर राहिली आणि मागचे दोन्ही पाय एकदम निसटले. राघू खाली आला. पडला काही फार उंचावरून नव्हता, पण वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला, एकदा आणि लगेच दुसऱ्यांदा. त्यानंतर तो ओरडला नाही की हलला नाही. इग्वानाला ओरडता येत नाही. तोंड तेवढं उघडलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ऐश्वर्या शाळेत गेल्यावर बुद्धभूषणनं त्याला चपलांच्या खोक्यात घातलं आणि डॉक्टर मोहिनीच्या दवाखान्यात नेलं. ही जनावरांची नवी डॉक्टर, वयानं लहान, पण शिकताना असले प्राणी हाताळलेली. तिनं राघूचे पाय, कणा, जबडा बोटांनी हलकेच चाचपला.

"याला खायला कोण घालतं?"

"पोरगी."

"काय घालते?"

"शेवग्याचा पाला, भोपळा. वरून ती पूड."

"तिला माझ्याकडून शाबासकी द्या," डॉक्टर म्हणाली. "तिच्या शेवग्यावर हा इतके दिवस जगला. नाहीतर उन्हाळ्यातच गेला असता. हाडं अक्षरशः मऊ झालीत याची. दिवा कधीचा आहे?"

"दोन वर्षं होतील. पण दिवा एकदम ओके हाय मॅडम. मी दर रविवारी तपासतो." आणि बुद्धभूषणनं तिला काचेची रीत समजावून सांगितली, गिऱ्हाइकाला सांगावी तशी, हातवारे करून.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमची काच काळी करणारे किरण वेगळे आणि हाडं बांधणारे वेगळे. नळी जुनी झाली की हाडांचे किरण आधी संपतात. उजेड राहतो, काच काळी करणारे किरणही राहतात. काचेला यातलं काही कळत नाही. मीटर परवडत नसेल तर कॅलेंडर बघायचं. नळी लावली ती तारीख लिहायची आणि वर्षाच्या आत बदलायची. आणि तेही जमत नसेल तर, हिंगोलीत ऊन काय विकत आणावं लागतं?"

"पण मॅडम, उन्हापेक्षा नळीखाली जास्त काळी झाली हो! मी मे महिन्यात गच्चीवर ठेवून..."

मुंजाजी आठवला. काच तापली की रंग धरत न्हाई. बुद्धभूषणचे कान तापले, हातातलं खोकं त्यानं उगाच इकडचं तिकडे ठेवलं. आई, दोन तुकडे, टाळ्या वाजवणारी पोरगी, सगळं एकदम समोर उभं राहिलं. त्याला कळलं. पुरतं कळलं. यापुढे त्यानं जे केलं ते न कळून केलं असं कुणी म्हणू नये.

"वाचंल का?" त्यानं विचारलं.

"इंजेक्शन देते. आजच्या आज नवी नळी लावा आणि ऊन पडेल तेव्हा उन्हात धरा. हात लावताना जपून. जीव आहे अजून. आठ दिवस काढले तर वाचला म्हणायचा."

येताना तो दुकानात थांबला. कपाटातून नव्या नळीचं खोकं काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. खोक्यावरच्या चित्रातली नळी जुनीसारखीच होती, फक्त दोन्ही टोकांची टोपणं हिरवी होती, जुनीची पांढरी. आणि जुनीच्या कडेला पोरीनं ओढलेल्या रेघा होत्या, वर्षभराच्या. नळी बदलली की ऐश्वर्याला पहिल्या नजरेत कळणार. विचारणार, पप्पा, जुनी तर ठीक होती न्हं? आणि नव्या नळीखाली राघू बरा होऊ लागला, तर मग काही विचारायचीही गरज राहणार नाही. सगळ्या रेघा खोट्या होत्या, हे तिचं तिलाच समजेल.

त्यानं खोकं परत फळीवर ठेवलं. आता गडबड नको. रविवारी तपासणीच्या वेळी काहीतरी निमित्त काढू, तेव्हा बदलू. बुधवार तर आहे, चार दिवसांचा प्रश्न. असं त्यानं स्वतःला समजावलं आणि कुलूप लावून घरी गेला.

"डॉक्टर काय म्हणल्या?" ऐश्वर्या दारातच उभी होती.

"इंजेक्शन दिलं. आराम पायजे म्हणल्या."

"अजून काय?"

"अजून काही न्हाई."

गुरुवारी चांगलं ऊन पडलं होतं. जनकाबाईनं राघूला अलगद फडक्यात घेतलं आणि अंगणाकडे निघाली. बुद्धभूषणनं दारात अडवलं. "डॉक्टरनं हलवू नका म्हणलंय. मोडल्यालं हाड हाय त्याचं." डॉक्टरचं नाव निघाल्यावर म्हातारी काय करणार? तिनं राघूला आणून पुन्हा त्या नळीखाली ठेवलं. ऐश्वर्या औषधाच्या पिचकारीनं भोपळ्याचं पाणी त्याच्या तोंडात थेंब थेंब सोडत होती. शुक्रवारी तेही ओठांच्या कडेनं बाहेर यायला लागलं.

शनिवारी सकाळी राघू मेला. वर दिवा लख्ख जळत होता. बुद्धभूषण दाढी करत होता, तेव्हा त्याला आतून आकडे ऐकू आले. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. जाऊन बघतो तर पोरगी एकटीच नळीखाली काच धरून उभी, दुसरा हात राघूच्या पाठीवर.

"पप्पा," ती रडत म्हणाली, "दिवा तर ठीक हाय."

दुपारी धम्मदीपचा फोन आला. शीतलनं त्याला कळवलं होतं. फोन स्पीकरवर होता. ऐश्वर्या आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"दाजी, असं कसं झालं हो? दिवा बराबर होता न्हं?"

आता बोलावं, अशी एक वेळ असते. ती त्या खोलीत येऊन उभी होती. बुद्धभूषणनं पोरीकडे पाहिलं. तिनं डोकं उचललं होतं आणि ती बापाच्या तोंडाकडे बघत होती, नेहमी बघायची तशी. पप्पांना माहीत असणारच.

"दिव्याचं काही न्हाई," तो म्हणाला. "दर रविवारी तपासत होतो आमी दोघं. डॉक्टर म्हणल्या, खाण्यात कमी पडलं."

"खाण्यात?"

"पोरगी लहान हाय रे. राहतं कधी एखाद्या टायमाला."

तिकडे धम्मदीप चुकचुकला आणि भाचीला काही बोलू नका म्हणाला. जनकाबाई लेकाकडे बघत राहिली. शीतल पाठ टेकवून डोळे मिटून बसली होती. ऐश्वर्या उठून बसली. तिचा चेहरा कोरा झाला होता.

"पप्पा, शेवगा कमी पडला का?"

"जाऊ दे आता."

"मी त्या दिवशी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलते, तवा पाला टाकायला उशीर झालता. त्यानं का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? बुद्धभूषणनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मोठ्या मायेनं ठेवला, हे सांगायलाच हवं.

"व्हय, तसंच काहीतरी. पण तू लहान हायेस. मनाला लावून घेऊ नगं."

संध्याकाळी शेवग्याखाली खड्डा खणून राघूला पुरलं. दुसऱ्या दिवशी रविवार. विहारात बुद्धभूषणनं सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्याचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत लागला.

दिवाळीनंतर शीतलला मुलगा झाला. नाव ठेवलं आयुष. थंडी पडली तशी जनकाबाई रोज सकाळी त्याला गच्चीवर न्यायची. पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर पालथं घालून तेल चोळायची आणि मग कोवळ्या उन्हात उघडं ठेवायची. घरात सगळी त्याला घ्यायला धडपडायची. ऐश्वर्या मात्र जवळ जायची नाही. दुपट्याच्या घड्या करायची, तेलाची वाटी कोमट करून आणायची, पण बाळाला हात लावायची नाही. शीतलला वाटलं, पोरगी रुसली. बायका म्हणाल्या, पहिल्या लेकराला असं होतंच.

एका रविवारी धम्मदीप भाच्याला बघायला आला. गच्चीवर सगळे जमले होते. शीतलनं चहा आणला. बुद्धभूषण कठड्याला टेकून उभा होता, डोळ्यांवर त्याच्याच दुकानातला काळ्या पडणाऱ्या काचांचा चष्मा. थंडीची सकाळ, त्यामुळे काचा अशा काळ्याभोर झाल्या होत्या की आतले डोळे कुणाला दिसत नव्हते.

"ये गं ऐश्वर्या," जनकाबाई म्हणाली. "मामाला दाखव, भाऊ कसा घेतीस ते."

ऐश्वर्यानं मान हलवली.

"काहून?" धम्मदीपनं हसत विचारलं. "भिऊन राहिली का काय?"

"त्याची हाडं मोडतील माझ्या हातानं," ती म्हणाली.

हसता हसता सगळे थांबले. जनकाबाईनं बाळाच्या पाठीवरचा हात काढला नाही. "असं कुठं असतंय का, येडे? रोज ऊन दाखवतो आपण त्याला. उन्हानं हाडं दगडासारखी व्हतेत बघ."

"उन्हानं हाडं घट्ट होतेत, आजी?"

"व्हय की. माणसाचीबी अन् करडाचीबी."

ऐश्वर्या हळूहळू बापाकडे वळली. तिच्या कपाळावर आठी पडली होती, गणित सुटत आलं की पडायची तशी.

"पप्पा, मंग राघूला पण..."

धम्मदीपनं मान वर केली. जनकाबाईनंही. आईची नजर काय विचारते आहे हे बुद्धभूषणला न बघताच कळत होतं. कपाटातलं खोकं अजून तसंच होतं, न उघडलेलं. चार महिने पोरीनं जे ओझं वागवलं ते उतरवायला त्याला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य घशापर्यंत आलंही होतं. पण समोर मेव्हणा होता, आई होती, आणि पोरगी अजूनही त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

"राघूचं येगळं होतं, बाळा," तो म्हणाला. "त्याला दिवा होता की. तूच तपासायचीस न्हं माझ्यासंगं? काच काळी पडायची का न्हाई?"

"पडायची."

"साठ आकड्यांत?"

"व्हय."

"मंग सांग बरं."

तिनं विचार केला. खरंच केला, बापानं शिकवला होता तसा, एकेक पायरी धरून. दिवा ठीक होता, रेघा होत्या, पप्पांनी स्वतः बघितलं होतं. मग राहतं काय? कपाळावरची आठी गेली.

"माझं चुकलं," ऐश्वर्या म्हणाली.

बुद्धभूषणनं चहाचा कप तोंडाला लावला. जनकाबाईनं बाळाला उचलून नातीकडे पुढं केलं, "घे गं, काही होत न्हाई, म्या धरते खालून." आयुषनं मूठ उघडून तिच्या फ्रॉककडे हात नेला. ऐश्वर्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एक पाऊल मागं सरली.